मिस्टर मोल्ट, शेवंड आणि तुतीवरची अळी

"आई, हा आजारी आहे का?" काचेला नाक चिकटवून उभ्या असलेल्या एका पोरानं विचारलं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं पेंग्विनचं दालन. बाकीचे पेंग्विन पाण्यात सुळसुळत होते आणि हा एकटाच खडकाच्या कडेला मान आत ओढून उभा होता. अंगावर कुठे विटकी, तपकिरी पिसं, कुठे खालून डोकावणारी काळीभोर तकाकी, आणि मधेच फाटक्या गादीतून कापूस निघावा तसे झुबके. पायाशी पिसांचा कचरा. आईला काही उत्तर सुचेना.

माझ्याबरोबर माझा चुलत भाऊ होता. अंबड तालुक्यात त्याची दोन एकर तुती आणि रेशीम किड्यांची शेड आहे. त्यानं मिनिटभर निरखलं आणि बाईंना सांगून टाकलं, "आजारी नाही, ताई. मोल्टला बसलाय तो."

बाईंना वाटलं, हे कुणी पक्षीतज्ज्ञ असावेत. पण 'मोल्ट' हा शब्द जालना जिल्ह्यातल्या तुतीवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. 2018 साली राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ जालन्याच्या बाजार समितीत सुरू झाली, तोवर आमच्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या तोंडी हा शब्द रुळलाही होता. अळीनं कात टाकायला सुरुवात केली की ती 'मोल्टला बसली', टाकून झाली की 'उठली'. गंमत म्हणजे 2016च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून जे आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले, त्यांच्यातल्या एकाचं नावच मुळी 'मिस्टर मोल्ट' आहे. हे ऐकल्यावर माझा भाऊ असा काही खूश झाला, की जणू मुंबई महापालिकेनं त्याच्या धंद्याचा सत्कारच केला.

त्याच दिवशी सकाळी आम्ही देवगिरी एक्स्प्रेसनं उतरलो होतो आणि बाग उघडायला वेळ होता म्हणून भाऊच्या धक्क्यावर चक्कर मारली होती. तिथे एका कोळणीच्या पाटीत शेवंडी, म्हणजे काटेरी लॉबस्टर, होत्या. हिरवट-राखाडी, पाठीवर काटे, शेपटीच्या प्रत्येक कडीवर बारीक पांढरी आडवी रेघ, आणि अंगापेक्षा लांब दोन जाडजूड मिशा. मावशींनी एकेक उचलून अंगठ्यानं दाबली आणि एक बाजूला काढून ठेवली. "ही मऊ हाय. नवीन कवच." भावानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तो काही बोलला नव्हता, पेंग्विनपाशी आल्यावर बोलला, "सकाळची ती पण मोल्टवरूनच उठलेली होती ना?"

होय. सकाळची शेवंड, दुपारचा पेंग्विन आणि घरी शेडमध्ये बसलेल्या अळ्या, तिघांचं एकच चाललं होतं. मात्र तिघांची कारणं एक नव्हती, आणि शेवंडीचं नातं पेंग्विनपेक्षा अळीशी फार जवळचं आहे. परतीच्या प्रवासात भावाला जे समजावून सांगितलं, तेच इथे थोडं नीट मांडतो.

## पोराचा गणवेश, बापाचा सदरा

जून महिन्यात घरात दोन कपडे बदलतात. पोराचा शाळेचा गणवेश बदलावा लागतो, कारण पोरगं वाढलेलं असतं. कापड धड असलं तरी चड्डी गुडघ्याच्या वर गेलेली असते. बापाचा सदरा बदलावा लागतो तो कॉलर फाटली म्हणून. बाप काही वाढलेला नसतो.

शेवंड आणि रेशमाची अळी कात टाकतात ती पोरासारखी, अंगाला कवच लहान झालं म्हणून. पेंग्विन पिसं बदलतो तो बापासारखा, जुनी झिजली म्हणून. पेंग्विनचं पिल्लू काही महिन्यांतच जवळपास पूर्ण मापाचं होतं आणि तिथून पुढे त्याची उंची वाढत नाही. तरीही दर वर्षी तो अंगावरचं एकूणएक पीस उतरवतो. शेवंड मात्र जन्मभर थोडी थोडी वाढत राहते आणि प्रत्येक वाढीसाठी तिला अख्खं घर मोडून नवं बांधावं लागतं.

वरून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. उपास, लपणं, अंगाची दुर्दशा. म्हणून भाषेनंही दोघांना एकच शब्द दिला. आत मात्र यंत्र अगदी वेगळं आहे.

## सळई आणि सिमेंट

आधी शेवंड. आपला सांगाडा आत आणि मांस बाहेर, हिचं उलट. तिचं कवच हाच तिचा सांगाडा, स्नायू त्याला आतून बांधलेले. जालन्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण कवचाची बांधणी थेट स्लॅबसारखी आहे. त्यात कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे धागे असतात. ते म्हणजे आपल्या गावच्या लोखंडी सळया. त्यांच्याभोवती प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्यापासून चुनखडीचा दगड बनतो तेच द्रव्य. ते म्हणजे सिमेंट. नुसत्या सळया वाकतात, नुसतं सिमेंट तडकतं, दोन्ही एकत्र आले की छत उभं राहतं.

रेशमाच्या अळीच्या कातडीतही तेच कायटिन असतं, पण सिमेंट जवळपास नाही. म्हणून अळी मऊ आणि लवचिक. तरीही ती कातडी ठरावीक मापापलीकडे ताणत नाही. अंड्यातून निघालेली अळी पंचवीसेक दिवसांत वजनानं सुमारे दहा हजार पट वाढते. एवढी वाढ एका कातड्यात मावणं शक्यच नाही, म्हणून ती चार वेळा कात टाकते. पहिल्या दोन वेळा चॉकी केंद्रात, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रात, पुढच्या दोन शेतकऱ्याच्या शेडमध्ये.

स्लॅब ओतून झाल्यावर खोली मोठी करता येत नाही. शेवंडीची अडचण हीच. त्यावर तिनं काढलेला मार्ग कुठल्याही कंत्राटदाराला लाजवील असा आहे: ती जुन्या घराच्या आत, भिंतींना चिकटून, नव्या घराच्या भिंती घडी घालून बांधते आणि मग जुनं घर फोडून बाहेर येते.

याची तयारी आधीपासून चालते. कवचाखालची जिवंत त्वचा त्याच्यापासून सुटी होते. मधल्या फटीत असे रस पाझरतात, जे जुन्या कवचाचा आतला थर विरघळवतात. त्यातला काही माल परत अंगात ओढून घेतला जातो. त्याच वेळी खाली नवं कवच तयार होत असतं, ओलं, मऊ, सुरकुतलेलं. मग एक दिवस पाठीचं कवच आणि शेपटी यांच्यामधला पातळ पापुद्रा फाटतो. त्या फटीतून शेवंड मागे मागे सरकत स्वतःला बाहेर काढते. पाय, लांबलचक मिशा, डोळ्यांवरची आवरणं, कल्ल्यांवरचं अस्तर, इतकंच काय, पोटात अन्न दळण्यासाठी जे दातांसारखे कठीण भाग असतात त्यांचंही अस्तर बदलतं. मागे राहिलेली कात इतकी हुबेहूब असते, की लांबून तीच शेवंड वाटावी.

बाहेर पडल्या पडल्या ती पाणी ओढून फुगते. नवं कवच मऊ आहे तोवरच ते ताणून मोठं करून घ्यायचं, हा हेतू. मग ते हळूहळू कडक होतं आणि फुगवलेल्या जागेत पुढे मांस भरत जातं. घर आधी मोठं बांधायचं, संसार नंतर वाढवायचा. मऊ शेवंड वजनाला भरते, पण मांस पाणचट लागतं, याचं कारण हेच. मावशींचा अंगठा याच पाण्याचा अंदाज घेत होता.

या सगळ्या प्रकाराचा एक फायदा असा, की तुटलेला पाय किंवा मिशी पुढच्या काही कातींत परत येते. तोटा असा, की तिचं वय सांगणं फार अवघड. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलयं साठतात, माशाच्या खवल्यांवरही. शेवंड आपला जवळपास सगळा कठीण दप्तरखाना दर खेपेला फेकून देते.

## हँडब्रेक डोळ्याच्या दांडीत

कात टाकायची वेळ झाली, हे शेवंडीला कळतं कसं?

तिच्या डोक्याच्या भागात एक ग्रंथी असते, जी कात टाकायला लावणारं संप्रेरक तयार करते. संप्रेरक म्हणजे शरीरानं रक्तातून धाडलेला निरोप. ही ग्रंथी एरवी कायम कामाला तयार असते, पण तिला ब्रेक लावलेला असतो. तो ब्रेक म्हणजे दुसरं एक संप्रेरक, आणि ते सुटतं डोळ्याच्या दांडीतून. शेवंडीचे डोळे दोन छोट्या दांड्यांवर बसवलेले असतात. त्या दांड्यांमध्ये हा हँडब्रेक. वाढ, ऋतू, अन्न असं सगळं जुळलं की ब्रेक सैल होतो आणि गाडी उतारावरून निघते. कोळंबीच्या बीज केंद्रांत मादीनं लवकर अंडी घालावीत म्हणून तिच्या एका डोळ्याची दांडी कापतात, ते दांडीतला असाच एक दुसरा ब्रेक काढण्यासाठी. काम होतं, पण मला तो प्रकार कधीच रुचलेला नाही.

रेशमाच्या अळीत गाडी तीच, चालवण्याची रीत वेगळी. तिच्या छातीतल्या ग्रंथीला मेंदू ॲक्सिलरेटर देतो. शेवंडीत ब्रेक सुटतो, अळीत ॲक्सिलरेटर दाबला जातो.

'गाडी तीच' हे मी उगाच म्हणत नाही. 1954 साली जर्मनीत ॲडॉल्फ बूटेनांट आणि पीटर कार्लसन या दोघांनी रेशीम किड्यांचे तब्बल 500 किलो कोशित घेतले, म्हणजे कोषातले ते तपकिरी किडे. त्यांतून त्यांनी हे कात टाकायचं संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं केलं. हाती किती आलं? 25 मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही. त्याला नाव मिळालं एक्डायसोन. पुढे 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात हॅम्पशायर आणि हॉर्न यांनी एक टन काटेरी शेवंडींचा टाकाऊ भाग घेऊन तोच उद्योग केला आणि दोन मिलिग्रॅम पदार्थ मिळवला. दोन्ही रेणू शेजारी ठेवले तर फरक फक्त ऑक्सिजनच्या एका अणूचा! आणि अळीचं शरीरही आपल्या एक्डायसोनला तो जास्तीचा अणू जोडूनच ते कामाला लावतं. म्हणजे भावाच्या शेडमध्ये जो निरोप फिरतो, तोच निरोप अरबी समुद्राच्या तळाशीही फिरतो.

यात तसं आश्चर्य नाही. शेवंड, खेकडा, कोळंबी, अळी, झुरळ हे सगळे सांध्यासांध्यांच्या पायांचे, संधिपाद. आता तर शास्त्रज्ञ असं मानतात, की कीटक ही कोळंबी-खेकड्यांच्या खानदानातूनच जमिनीवर आलेली एक शाखा आहे. पेंग्विन मात्र आपल्या बाजूचा, पाठीच्या कण्याचा. शेवंड आणि पेंग्विन यांचा शेवटचा सामाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही मागे गेला. तुमच्या अंगणातला बुलबुल पेंग्विनचा भाऊबंद आहे, आणि तुतीवरची अळी शेवंडीची.

आमच्याकडे अळ्या कोष बांधायच्या बेतात आल्या, की 'संपूर्णा' नावाचं औषध पाल्यावर फवारतात. त्यानं सगळ्या अळ्या जवळजवळ एकाच वेळी पिकतात आणि चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधायच्या जाळीवर, चढवायची मजुरी वाचते. त्या बाटलीतही याच कुळातलं द्रव्य असतं, मात्र वनस्पतींतून काढलेलं. काही वनस्पती हे संप्रेरक स्वतःच बनवतात. आपल्याला कुरतडणाऱ्या किड्यांचा हिशेब बिघडवावा म्हणून, असं मानतात.

## साखर कारखान्याचा ऑफ सीझन

आता मिस्टर मोल्टची गोष्ट.

पेंग्विन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. हम्बोल्ट पेंग्विननं बर्फ पाहिलेलाच नसतो. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, आणि तो किनारा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. आपल्या दुष्काळी पट्ट्यालाही तिथे हिरवंगार म्हणावं लागेल. पाणी मात्र थंडगार, कारण दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. वर रणरणतं ऊन, खाली गार समुद्र, अशा ठिकाणी राहणाऱ्या या पक्ष्याचं वजन चार-पाच किलो. चोचीच्या बुडाशी त्याची गुलाबी कातडी उघडी असते. जमिनीवर उकडायला लागलं की त्या वाटेनं उष्णता बाहेर जाते. राणीच्या बागेत त्यांचं दालन 16 ते 18 अंशांच्या आसपास ठेवतात.

समुद्रात त्याला ऊब देतात ती पिसं. आखूड, ताठ, एकावर एक चढलेली, कोकणातल्या कौलांसारखी. प्रत्येक पिसाच्या बुडाशी मऊ लव असते आणि तिच्यात हवा कोंडलेली. ही हवा म्हणजे पेंग्विनची वाकळ. वर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल तो चोचीनं अंगभर चोळत राहतो. पाणी वरच्या वर ओघळतं, कातडीपर्यंत पोचत नाही.

पण पीस ही मेलेली वस्तू. आपल्या नखांसारखी आणि बैलाच्या शिंगासारखी ती केराटिन या प्रथिनाची बनलेली. एकदा वाढ पूर्ण झाली की तिच्यात जीव नाही, म्हणून ती स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. वर्षभर खारं पाणी, ऊन, खडक आणि घासणं सोसून कडा झिजतात, रंग विटतो. बदलण्यावाचून इलाज नाही.

पिसं तर कावळाही बदलतो. मग कावळा कधी उपाशी उभा राहिलेला का दिसत नाही? कारण कावळ्याचा कारभार एसटीच्या डेपोसारखा असतो. एक बस वर्कशॉपला, बाकीच्या रस्त्यावर. तो थोडी थोडी पिसं टाकतो, उडणं चालूच राहतं. पेंग्विनला हे परवडत नाही. कौलारू छपरातली दहा कौलं निघाली तर सगळं घर गळतं. तसं अंगावर जागोजागी उघडी कातडी ठेवून गार पाण्यात शिरलं, तर वाकळ भिजून गेली म्हणून समजा. म्हणून तो साखर कारखान्यासारखा वागतो. गाळप हंगाम संपला की भोंगा बंद, सगळी यंत्रं खोलून ओव्हरहॉलिंग, आणि नवा हंगाम सुरू होईपर्यंत एक टन ऊस आत घ्यायचा नाही.

कारखाना बंद म्हणजे खाणंही बंद, कारण त्याचं सगळं अन्न समुद्रात. त्यामुळे आधीचे काही आठवडे तो पोटभर मासे खाऊन चरबी साठवतो. मग किनाऱ्यावर येऊन उभा राहतो तो दोन-तीन आठवडे. नवी पिसं कातडीखाली वाढू लागतात तेव्हा जुनी अजून अंगावरच असतात. त्यामुळे तो आधी फुगल्यासारखा दिसतो. मग नवं पीस खालून जुन्याला ढकलत वर येतं, दुधाच्या दाताला पक्का दात ढकलतो तसं. जुनी पिसं सगळी एकदम गळून पडत नाहीत, नव्यांच्या टोकांना लोंबत राहतात. तो गादीतल्या कापसाचा देखावा याचाच. नवं बऱ्यापैकी उभं राहिल्याशिवाय जुनं सोडायचं नाही, इतकी खबरदारी हा पक्षी घेतो.

यात शेवंडीपेक्षा त्याला खर्च कितीतरी जास्त येतो. शेवंडीचं अंग समुद्राच्या तापमानाचं. उपाशी राहिली तरी तिचा चुलीचा खर्च नाही. पेंग्विनला मात्र पिसं अर्धवट असतानाही अंग 38-39 अंशांवर गरम ठेवायचं असतं, आणि वर हजारो पिसांसाठी लागणारं प्रथिन अंगातूनच काढायचं असतं. चरबी चुलीत जाते, स्नायू पिसांत. जातीनुसार तिसरा हिस्सा ते जवळपास निम्मं वजन या काळात उतरतं. याची सूत्रं हलवते गळ्यातली थायरॉइड ग्रंथी, जी आपल्याही गळ्यात आहे. एक्डायसोनचा इथे संबंध नाही.

म्हणून त्याच्यासाठी खरी परीक्षा असते ती पिसं बदलण्याच्या आधीची. पेरूच्या किनाऱ्यावर एल निनोच्या वर्षी पाणी तापतं आणि पेंग्विनचं मुख्य खाणं असलेले मांदेलीच्या जातीचे मासे दूर जातात किंवा खोल उतरतात. चरबी न साठवताच अंगावरची पिसं सुटायची वेळ आली, तर उभ्या उभ्या मरण. 1982-83च्या एल निनोत तिथल्या हम्बोल्ट पेंग्विनची संख्या प्रचंड घटली. 'एल निनो' हे शब्द टीव्हीवर ऐकले की आमच्या जिल्ह्यातला शेतकरी आभाळाकडे बघतो. त्याच बातमीनं हम्बोल्टचीही पोटं उपाशी राहतात, हे मला तरी बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

मुंबईतल्यांना तेवढी ददात नाही, बादलीतून मासे मिळतात. पण सगळं सुरळीत झालं असंही नाही. आठांपैकी एक पक्षी 2016च्या ऑक्टोबरमध्येच दगावला. मार्च 2017 मध्ये दालन लोकांसाठी उघडलं. 15 ऑगस्ट 2018 रोजी मिस्टर मोल्ट आणि फ्लिपर या जोडीचं पिल्लू जन्मलं. भारतात जन्मलेलं ते पहिलं पेंग्विन म्हणून गाजलं आणि आठवडाभरात गेलं. पुढची पिल्लं मात्र जगली आणि आता कळप विसाच्या घरात आहे.

चौकट: तिघांचा मोल्ट

रेशमाची अळी: आयुष्यात चार वेळा. कारण, कातडी अपुरी पडते. साधारण एक दिवस स्तब्ध. निरोप्या, एक्डायसोन.

शेवंड: लहानपणी वर्षातून अनेकदा, मोठेपणी क्वचित, पण कायमची बंद कधीच नाही. कारण, कवच अपुरं पडतं. निरोप्या, तेच कुळ.

हम्बोल्ट पेंग्विन: वर्षातून एकदा, दोन-तीन आठवडे. कारण, पिसं झिजतात. निरोप्या, थायरॉइडचं संप्रेरक.

## पानासारखं बाळ

शेवंडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मादी अंडी शेपटीखाली घेऊन फिरते. त्यातून निघणारं पिल्लू शेवंडीसारखं अजिबात दिसत नाही. चपटं, काचेसारखं पारदर्शक, पातळ पानाला कोळ्याचे पाय जोडावेत तसं. ते खोल समुद्रात प्रवाहाबरोबर महिनोन्महिने तरंगतं आणि या अवस्थेतच कितीतरी वेळा कात टाकतं. शेवटी एका कातीत ते एकदम इवल्याशा शेवंडीसारखं होतं आणि काहीही न खाता किनाऱ्याकडे पोहत सुटतं. ही लांबलचक, नाजूक बालवाडी माणसाला टाकीत सहजासहजी जमत नाही. म्हणूनच कोळंबीची तळी किनाऱ्याकिनाऱ्यानं दिसतात, तशी बीजापासूनची शेवंडीची शेती आपल्याकडे दिसत नाही. पाटीत येते ती बहुतेक सगळी समुद्रानंच वाढवलेली.

आणि समुद्राला वेळ लागतो. मुंबईकडे जी जात जास्त सापडते, त्या चिखलातल्या काटेरी शेवंडीचं निर्यातीसाठी किमान वजन 2003च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं 300 ग्रॅम ठरवलं आहे. हेतू असा, की निदान एकदा तरी तिनं अंडी दिलेली असावीत. मुंबईच्या समुद्रात चपट्या डोक्याची, बिनकाट्याची दुसरी एक शेवंड भरपूर मिळायची. अंडी धरलेल्या माद्यांसकट ती उपसली गेली आणि 1994च्या सुमारास तिची मासेमारी बसली. कात टाकून नवं कवच मिळवता येतं, पण उपसून नेलेल्या माद्या परत मिळत नाहीत.

## सोयाबीनचं जहाज

पेंग्विन आणि काटेरी शेवंड शेजार करून राहतात, अशी जागा जगात आहे का? भावानं हे विचारलं तेव्हा मला त्रिस्तान दा कुन्हा आठवलं. दक्षिण अटलांटिकमधला हा बेटांचा पुंजका; जगातल्या सर्वांत एकाकी वस्त्यांमध्ये त्याची गणना होते. तिथल्या लोकांचं उत्पन्न मुख्यतः शेवंडीवर. त्यांच्या राजचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना सिंह किंवा घोडे नाहीत, शेवंडी उभ्या आहेत. आणि त्याच खडकांवर डोक्यावर पिवळे तुरे असलेले रॉकहॉपर पेंग्विन घरटी करतात.

16 मार्च 2011 रोजी 'ओलिवा' नावाचं एक मालवाहू जहाज तिथल्या नाइटिंगेल बेटावर आदळून फुटलं. ते ब्राझीलहून सिंगापूरला सोयाबीन घेऊन चाललं होतं. हे ऐकून भाऊ सावरून बसला. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन हा घरचा विषय. जहाजातलं जळाऊ तेल पसरलं आणि पेंग्विनच्या पिसांना लागलं. तेल लागलेलं पीस पिसाला चिकटतं, कौलं सरकतात, वाकळीत पाणी शिरतं. साडेतीन हजारांहून अधिक पक्षी लोकांनी धुवायला आणले. त्यांतले जेमतेम दहा टक्के वाचले. ऐन मार्चमधला अपघात, म्हणजे कित्येक पक्षी नुकतेच पिसं बदलून, उपासानं खंगलेले किंवा अजून उभेच. सोयाबीन बुडालं ते तळाशी कुजत राहिलं आणि त्या बेटाभोवतीची शेवंडीची मासेमारी बंद ठेवावी लागली. तेलानं वरच्यांना गाठलं, दाण्यानं खालच्यांना.

"आपल्याकडे भाव पडतो तेव्हा वाटतं, हे दाणे समुद्रात फेकावेत," भाऊ म्हणाला. "बरं झालं, फेकले नाहीत."

## मऊ असतानाची सारंगी

तिघांच्याही आयुष्यात मोल्टचा काळ सर्वांत धोक्याचा. पेंग्विन जमिनीवर उभा असतो हे त्यातल्या त्यात बरं, कारण त्याचे बरेच वैरी पाण्यात असतात. अळी काहीच करत नाही, मान वर करून स्तब्ध राहते. तिची काळजी शेतकरी घेतो. पाला थांबवतो, बिछान्यावर चुना धुरळतो म्हणजे उरलेली पानं सुकतात, लवकर उठलेल्या अळ्यांना ती खाता येत नाहीत आणि सगळ्यांची वाढ एकसारखी राहते. सगळ्या उठल्या की 'विजेता' ही जंतुनाशक पावडर टाकून मगच नवा पाला.

शेवंड कपारीत शिरते. पण कपारीत कुणी तोंड घातलंच तर? अमेरिकी आणि युरोपीय लॉबस्टरसारखे जाडजूड नांगे हिला नाहीत, काटे अजून मऊ आहेत. तिच्याकडे एक अफलातून साधन आहे: आवाज. मिशीच्या बुडाशी एक मऊ पन्हळदार गादी असते. ती डोळ्याखालच्या गुळगुळीत भागावर घासली की करकरीत आवाज येतो आणि हल्लेखोर बिचकतो. नाकतोडा आवाज काढतो तो दात्यांवर दाते घासून, कंगव्यावरून नख ओढावं तसा. तसं साधन असतं तर मऊ अंगानं काहीच वाजलं नसतं, कारण मऊ कंगवा वाजत नाही. शीला पाटेक या अमेरिकी संशोधिकेनं 2001 मध्ये दाखवून दिलं, की शेवंडीची रीत सारंगीच्या गजासारखी आहे. गज तारेला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो, आणि त्या धरसोडीतून सूर निघतो. त्यासाठी कडकपणा लागत नाही, नुसतं घर्षण पुरतं. त्यामुळे कात टाकल्यावर बाकी सगळं निकामी असतानाही शेवंडीची सारंगी वाजते.

रात्री परतीच्या गाडीत मनमाड मागे पडलं तेव्हा भावाचा फोन वाजला. घरून वहिनी बोलत होत्या.

"किती उठल्या?" त्यानं विचारलं.

"निम्म्याच्या वर."

"मग पाला टाकू नका अजून. सकाळी मी आल्यावर बघू."